धोक्याची अँजिओप्लास्टी आणि हृदयाला आधार देणारा पंप: घरच्यांनी काय करायचं, कोणत्या क्रमाने

कॅथ लॅबच्या, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीच्या, दाराबाहेर नातेवाईक जे प्रश्न विचारतात, ते बहुतेक सगळे बरोबर असतात. चुकलेली असते ती वेळ. पेशंट टेबलावर आडवा झालेला, हातात संमतीपत्र, आणि तेव्हा प्रश्न येतो, "पंप म्हणजे काय? लागतोच का? किती पैसे?" तोपर्यंत पायाची रक्तवाहिनी तपासायची, विमा कंपनीला विचारायची आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायची संधी निघून गेलेली असते. म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. पायऱ्या उलटसुलट करू नका.

लेख ठरवून केल्या जाणाऱ्या अँजिओप्लास्टीसाठी आहे: अँजिओग्राफी झाली आहे, तारीख घ्यायची आहे आणि डॉक्टरांनी "हाय रिस्क आहे, सपोर्ट लावून करू" असं सांगितलं आहे. सपोर्ट म्हणजे तेवढ्यापुरता हृदयाला आधार देणारा पंप.

सावध: आत्ता छातीत कळ येत असेल, दरदरून घाम फुटला असेल, दम लागत असेल, तर वाचणं थांबवा. १०८ ला फोन करा आणि कॅथ लॅब असलेल्या जवळच्या हॉस्पिटलला न्या. ओळखीचे डॉक्टर पनवेलला आहेत म्हणून ठाण्याहून पनवेल गाठू नका.

## टप्पा १: आधी काम लागतंय का ते ठरवा, पंपाचं नंतर

"हाय रिस्क" हा शिक्का साधारण तीन गोष्टी एकत्र आल्या की बसतो. हृदयाचं पंपिंग (डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं तो आकडा) खूप कमी, म्हणजे ३५ टक्के किंवा त्याखाली. ब्लॉक वाईट जागी, म्हणजे डाव्या मुख्य वाहिनीत किंवा जी एकच वाहिनी सगळं हृदय चालवते आहे तिच्यात. आणि तिसरी गोष्ट पेशंट स्वतः: किडनी कमजोर, वय जास्त, आधी बायपास झालेली, किंवा सर्जननी आता बायपासला नकार दिलेला.

इथे घरच्यांनी पहिला प्रश्न पंपाचा विचारू नये. "ही अँजिओप्लास्टी कशासाठी करतोय?" हा विचारावा. चालताना छातीत दुखतं ते थांबवायला? की नुसतं पंपिंग वाढेल या आशेने? दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. २०२२ मध्ये ब्रिटनमधल्या रिवाइव्हड नावाच्या अभ्यासात ३५ टक्के किंवा त्याहून कमी पंपिंग असलेल्या ७०० पेशंटपैकी निम्म्यांना उत्तम औषधं आणि निम्म्यांना औषधांसोबत अँजिओप्लास्टी दिली. मृत्यू आणि हार्ट फेल्युअरसाठी भरती होण्याचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच राहिलं. नुकताच अटॅक येऊन गेलेल्यांना हे लागू होत नाही, आणि सतत छातीत दुखणाऱ्यांचा प्रश्नही वेगळा. पण "पंपिंग वाढवायला स्टेंट टाकू" एवढंच कारण कुणी देत असेल, तर आणखी विचारायला हवं.

कागद जमवा. ही फाईल दुसऱ्या मतासाठीही लागते आणि ॲडमिशनच्या दिवशीही:

- अँजिओग्राफीची सीडी किंवा पेन ड्राइव्ह. नुसता टाईप केलेला रिपोर्ट पुरत नाही. डॉक्टर चित्र बघूनच बोलतात.
- टूडी इकोचा (हृदयाच्या सोनोग्राफीचा) पूर्ण रिपोर्ट, झडपांच्या मापांसकट.
- ईसीजी, क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी), हिमोग्लोबिन, प्लेटलेट, तीन महिन्यांची सरासरी साखर.
- चालू गोळ्यांची यादी, डोससकट. गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो चालतात.
- जुन्या ऑपरेशनची डिस्चार्ज कार्डं, विशेषतः बायपास, पायाची वाहिनी किंवा जांघेतलं कुठलंही ऑपरेशन.

दुसरं मत हृदयशल्यविशारदाचं, म्हणजे बायपास करणाऱ्या सर्जनचं घ्या. दुसऱ्या अँजिओप्लास्टीवाल्याचं मत त्यानंतर. सर्जन "नाही" म्हणाले तर ते फाईलमध्ये लिहून मागा. आपल्याकडे ठाणे, वाशी, बेलापूर, नेरूळ या पट्ट्यात दोन्ही प्रकारचे डॉक्टर भेटतात. परळच्या केईएमची ओपीडीही ट्रेनने गाठता येते. फाईल एकच ठेवा, डॉक्टर बदलले तरी.

तपासा: पुढच्या टप्प्याला जाण्याआधी तुम्हाला दोन वाक्यं सांगता आली पाहिजेत. "अँजिओप्लास्टी अमुक कारणासाठी आहे." "बायपास अमुक कारणाने होत नाही." येत नसतील तर अजून एकदा भेट घ्या.

## टप्पा २: कुठला आधार, आणि तो काय करतो

हृदयाच्या स्वतःच्या वाहिन्यांत रक्त मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हा शिरतं, आणि तेवढ्यापुरता महाधमनीत, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीत, पुरेसा दाब असावा लागतो. सोसायटीच्या टाकीत पाणी असूनही प्रेशर नसेल तर वरच्या मजल्यावर नळ कोरडा राहतो, तसंच. अँजिओप्लास्टीत फुगा फुगवला की त्या वाहिनीचा प्रवाह काही सेकंद बंद होतो. निरोगी हृदयाला ते चालतं. २५ टक्के पंपिंगचं हृदय, त्यात शिल्लक एकच वाहिनी, तिथे तेवढ्यात हृदय दमतं, दाब पडतो, दाब पडला म्हणून उरलेल्या भागालाही रक्त कमी, म्हणून हृदय आणखी दमतं. हे चक्र एकदा फिरायला लागलं की मिनिटांत हाताबाहेर जातं. पंप ते चक्र सुरू होऊ न देण्यासाठी आहे. ब्लॉक तो उघडत नाही आणि हृदय बरंही करत नाही.

आपल्या भागातल्या कॅथ लॅबमध्ये साधारण तीन नावं ऐकू येतील.

बलून पंप. मांडीच्या धमनीतून एक लांबट फुगा महाधमनीत चढवतात. डाव्या हाताची धमनी जिथे निघते त्याच्या जरा खालपासून ते किडनीच्या धमन्यांच्या वरपर्यंत तो बसतो. हृदय सैल पडलं की फुगतो, आकुंचनाच्या आधी रिकामा होतो. आत हेलियम वायू असतो, कारण तो हलका आणि झटकन आत-बाहेर होतो. फुगताना हृदयाच्या वाहिन्यांकडे दाब वाढतो, रिकामा होताना हृदयावरचा भार कमी होतो. स्वतः रक्त फारसं वाहून नेत नाही. मिनिटाला अर्धा लिटरच्या आसपास भर पडते. हृदय स्वतःच फारसं रक्त ढकलत नसेल तर याचा उपयोग मर्यादित.

इंपेला. बारीक नळीच्या टोकावरचा फिरता पंप. मांडीतून जाऊन महाधमनीची झडप ओलांडून डाव्या कप्प्यात तोंड ठेवतो, तिथलं रक्त ओढून महाधमनीत सोडतो. नेहमी वापरला जाणारा आकार मिनिटाला साडेतीन लिटर किंवा थोडं जास्त वाहू शकतो. शांत बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला सुमारे पाच लिटर वाहतं, म्हणजे मोठा भाग तो उचलतो. नळी मात्र जाड: १४ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप), म्हणजे ४.७ मिलिमीटरच्या आसपास. बलून पंपाची ७-८ फ्रेंच, अडीच मिलिमीटरच्या आसपास. ही संख्या टप्पा ३ मध्ये लागणार आहे.

एक्मो. शिरेतून रक्त बाहेर काढून ऑक्सिजन मिसळून धमनीत परत. फुफ्फुसही कामातून गेलं असेल तेव्हा याचा विचार होतो. मिनिटाला चार-पाच लिटर वाहतो, पण रक्त उलट दिशेने ढकलत असल्याने डाव्या कप्प्यावरचा भार वाढतो आणि पायाचं रक्त अडू शकतं. ठरवून केलेल्या अँजिओप्लास्टीत हा पहिला पर्याय सहसा नसतो.

कुठला घ्यावा? डॉक्टर ठरवतील, पण त्यांना नकाराची कारणं विचारा. महाधमनीची झडप बऱ्यापैकी गळत असेल तर बलून पंप नको, इंपेलाही नको. डाव्या कप्प्यात रक्ताची गुठळी असेल किंवा त्या झडपेच्या जागी धातूची कृत्रिम झडप असेल तर इंपेला नको. महाधमनी फाटलेली किंवा फुगलेली असेल तर बलून पंप नको. ही उत्तरं इको आणि सीटीवरच मिळतात, म्हणूनच पूर्ण इको रिपोर्ट मागितला.

पुराव्याचं थोडक्यात. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये ३०१ हाय रिस्क पेशंटवर झालेल्या अभ्यासात आधीच बलून पंप लावून फायदा दिसला नाही. पण ज्यांना लावला नव्हता त्यांतल्या सुमारे १२ टक्क्यांना ऐनवेळी लावावा लागला. २०२४ च्या डेंजर शॉक अभ्यासात इंपेलाने सहा महिन्यांत मृत्यू ५८.५ वरून ४५.८ टक्क्यांवर आले, मात्र ते मोठा अटॅक येऊन हृदय शॉकमध्ये गेलेले, म्हणजे हृदयाला दाब राखता येत नसलेले, लोक होते. आणि त्याच अभ्यासात पंपवाल्यांत रक्तस्राव, पायाला रक्त न मिळणं आणि डायलिसिस, तिन्ही जास्त होते. "डेंजर शॉकमध्ये फायदा झाला, म्हणून तुमच्याही वडिलांना लावू" असं कुणी म्हणालं तर नम्रपणे विचारा, "पण बाबा शॉकमध्ये नाहीत ना?" त्या आकड्यांनी ठरवून केलेल्या केसचा निर्णय होत नाही.

सावध: "सगळ्यात महाग तो सगळ्यात सुरक्षित" हा हिशेब इथे चालत नाही. जाड नळीचा धोका पायाला आहे, आणि तो पेशंटच भोगतो.

## टप्पा ३: वाट तपासा, म्हणजे मांडीच्या धमन्या

माझ्या मते हा सगळ्यात दुर्लक्षित टप्पा आहे. पंप कितीही उत्तम असला तरी तो ज्या धमनीतून जायचा ती चोंदलेली किंवा वाकडी असेल तर सगळं थांबतं. ४.७ मिलिमीटर नळीला धमनी त्याहून मोठी लागते, साधारण ५.५ ते ६ मिलिमीटर असली तर डॉक्टर निर्धास्त असतात.

घरच्यांनी डॉक्टरांना आपणहून सांगायच्या गोष्टी:

- चालताना पोटरीत गोळा येतो का, थांबल्यावर जातो का. बरेच आजोबा "वय झालं" म्हणून हे सांगतच नाहीत. ठाणे स्टेशनचा पूल चढताना दोनदा थांबावं लागतं, तर तेही सांगायचं.
- तंबाखू, बिडी, सिगारेट, किती वर्षं. लाजू नका, इथे पोलीस चौकशी नाही.
- पायावरचा न भरणारा व्रण, थंड पडणारी बोटं.
- मांडीतून आधी काही केलं असेल, किंवा हर्नियाचं ऑपरेशन.

डॉक्टर मांडी, गुडघ्यामागे आणि पावलाच्या नाड्या हाताने बघतात. मग डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी. गरज पडली तर पायाची सीटी अँजिओग्राफी, पण त्यात वाहिन्या चित्रात दिसाव्यात म्हणून कॉन्ट्रास्ट औषध जातं आणि किडनीला त्याचा भार होतो. क्रिएटिनिन आधीच वाढलेलं असेल तर विचारा, "डॉपलरवर भागेल का? किंवा अँजिओप्लास्टीच्या सुरुवातीलाच थोडं औषध टाकून मांडीच्या धमनीचं चित्र घेता येईल का?" बऱ्याचदा भागतं.

मांडीची वाट बंद असेल तर काखेतली धमनी हाही मार्ग असतो. तुमच्या हॉस्पिटलमध्ये तो नेहमी वापरला जातो का, हेही विचारायला हरकत नाही.

तपासा: फाईलमध्ये पायांच्या नाड्यांची किंवा डॉपलरची नोंद आहे का? नसेल तर तारीख घेऊ नका.

## टप्पा ४: आठवडाभर आधीची तयारी

गोळ्यांच्या घोळाने इथे केस पुढे ढकलल्या जातात. नियम साधा: स्वतः काही बंद करायचं नाही, स्वतः काही सुरू करायचं नाही, आणि सगळं विचारून लिहून घ्यायचं.

१. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलॉर या गोळ्या "ऑपरेशन आहे ना, रक्त जास्त जाईल" म्हणून शेजारच्या कुणी सांगितलं म्हणून बंद करू नका. स्टेंट बसवायचा तर त्या लागतातच.

२. वॉरफरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या चालू असतील तर त्या कधी थांबवायच्या ते डॉक्टर तारीख देऊन सांगतील. तारीख कॅलेंडरवर लिहा.

३. साखरेच्या गोळ्यांचं वेगळंच. मेटफॉर्मिन किडनी कमजोर असल्यास कॉन्ट्रास्टच्या वेळी आणि पुढे ४८ तास थांबवतात, मग क्रिएटिनिन बघून चालू करतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या हार्ट फेल्युअरलाही दिल्या जातात आणि काही डॉक्टर आधी तीन दिवस थांबवतात. उपाशीपोटी इन्सुलिन किती, ते आकड्यात विचारा. "नेहमीसारखंच" हे उत्तर स्वीकारू नका.

४. गुडघ्यासाठी घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन वगैरे गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद. किडनीच्या शत्रू आहेत. काढा, भस्म, जडीबुटी चालू असेल तर सांगा.

५. पाणी. कुणीतरी सांगतं, "किडनी वाचवायला भरपूर पाणी पाज." पंपिंग २५ टक्के असलेल्याला दोन-तीन लिटर जादा पाणी पाजलंत तर रात्री दम लागून उठवावं लागेल. सलाईन किती, ते हॉस्पिटलला ठरवू द्या.

६. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधी कारण शोधायला सांगा. संडासला काळं होतंय का, मूळव्याध आहे का, हे सांगा. रक्त पातळ केल्यावर आतली लहान गळती मोठी होते.

७. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, दाताचं गळू असेल तर डॉक्टरांना फोन. धातू आणि प्लास्टिकची नळी रक्तात जाणार आहे.

८. हेपॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधाने आधी कधी प्लेटलेट कमी झाले असतील तर ते मोठ्या अक्षरात फाईलच्या पहिल्या पानावर. कॉन्ट्रास्टने अंगावर पित्त उठलं असेल तर तेही.

रक्ताची सोय: पेशंटचा गट, हॉस्पिटलच्या रक्तपेढीत क्रॉसमॅच (रक्त जुळतं का ती तपासणी), आणि बदल्यात रक्त देऊ शकणारी दोन-तीन माणसं. गट दुर्मिळ असेल तर हे तीन दिवस आधी करा. शनिवारी संध्याकाळी फोन फिरवत बसणं टाळता येईल.

## टप्पा ५: पैसे, विमा आणि सह्या

स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ पासून सरकारी कमाल मर्यादा आहे. पंपाचं तसं नाही. बलून पंप आणि इंपेला यांच्या खर्चात कित्येक पटींचा फरक असतो, आणि तो आकडा हॉस्पिटलचं अंदाजपत्रकच सांगेल. तोंडी आकडा घेऊन घरी जाऊ नका. अंदाजपत्रकात दोन ओळी वेगळ्या असाव्यात: पंप ठरवून लावला तर किती, आणि पंप नको असं ठरून ऐनवेळी लागला तर किती.

कॅशलेस असेल तर टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणाऱ्या संस्थेला) ईमेल: "या उपकरणाचा खर्च कव्हर होतो का? कन्झ्युमेबल (वापरून टाकायची वस्तू) म्हणून वगळला जाईल का?" लेखी उत्तर येईपर्यंत थांबणं परवडत असेल तर थांबा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि अँजिओप्लास्टी त्यात येते, पण पंप त्या पॅकेजात बसतो का, हे योजनेत सामील असलेल्या (अंगीकृत) हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, लेखी घ्या. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला आधी तयार ठेवा, ॲडमिशननंतर तहसीलच्या चकरा मारता येत नाहीत. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही आधीच.

संमतीपत्राची सही घाईत करायची नाही. आदल्या दिवशी मागा, घरी वाचा, आणि तीन प्रश्नांची उत्तरं त्यात आहेत का बघा. पंप ठरवून लावणार की लागला तरच? दाब पडला तर पुढे काय, एक्मो की तातडीची बायपास, आणि ती याच हॉस्पिटलमध्ये होते का? पंप काढता आला नाही आणि आयसीयूत राहिला तर दिवसाला खर्च किती? शेवटचा प्रश्न विचारायला लोक कचरतात आणि नंतर बिल बघून हादरतात.

निर्णय कोण घेणार ते एकच नाव ठरवा. घरात चार भाऊ असतील तर चौघांशी आधी बोला, पण सही एकाचीच. आणि तो माणूस त्या दिवशी दाराबाहेर हजर हवा. घोडबंदरला गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेला माणूस फोनवर निर्णय घेऊ शकत नाही, त्याला डॉक्टरांचा आवाजही नीट येत नाही. सकाळी सातला हजर व्हायचं असेल तर कासारवडवलीहून साडेपाचला निघा, किंवा आदल्या रात्रीच भरती व्हा.

तपासा: अंदाजपत्रक लेखी, टीपीएचं उत्तर (थांबणं परवडत असेल तर) लेखी, संमतीपत्र वाचलेलं, निर्णय घेणारा ठरलेला. चारांपैकी एखादी गोष्ट जरी बाकी असेल तरी पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: त्या दिवशी आत काय होतं

सकाळी घरी: जड खाणं आदल्या रात्रीपासून बंद (साधारण सहा तास आधीपासून काही खायचं नाही), पाण्याचा घोट दोन तास आधीपर्यंत, पण वेळ हॉस्पिटलचीच पाळा. अंगठी, मंगळसूत्र, कवळी, चष्मा घरच्यांकडे. हाताच्या आणि पायाच्या नखांवरचं पॉलिश काढा. ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्याला ते आड येतं आणि पावलाचा रंगही कळत नाही. दोन्ही जांघा स्वच्छ केल्या जातात, लघवीची नळी घालतात.

आतला क्रम माहीत असला की बाहेर बसणं सोपं जातं. आधी दोन्ही पावलांच्या नाड्या शोधून तिथे पेनने खूण करतात. नंतर तुलना करायला हीच खूण लागते. मांडीची धमनी सोनोग्राफीच्या चित्रात बघून सुई टोचतात, मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यासमोर. वर टोचलं तर रक्त पोटामागे जमू शकतं, खाली टोचलं तर दाबून रक्त थांबवणं कठीण. मग हेपॅरिन देतात, आणि रक्त गोठायला किती सेकंद लागतात हे एसीटी नावाच्या चाचणीने बघतात. साधारण २५० सेकंदांच्या वर गेलं की पुढे. मग पंप जागेवर, पंपाचा प्रवाह आणि दाब स्थिर झाला, तेव्हा हृदयाच्या वाहिनीत बारीक तार, जिच्यावरून फुगा आणि स्टेंट नेतात. पंप आधी, तार मागून. पंप ठरवून लावण्याचा सगळा फायदा या क्रमात आहे. दाब पडल्यावर, छातीवर दाब देत असताना धावत पंप लावणं हे कुणालाच आवडत नाही, आणि त्यात पायाच्या धमनीला इजा होण्याची शक्यताही जास्त.

त्यानंतर ब्लॉकमध्ये कॅल्शियम साचलेलं असेल तर ते घासून काढायचं, फुगा, स्टेंट, आणि स्टेंट नीट फुगला का हे वाहिनीच्या आतून चित्र घेऊन बघायचं. मॉनिटरवर डॉक्टरांची नजर सरासरी दाबावर असते. इंपेला चालू असताना वरचा आणि खालचा आकडा जवळ येतात, उदाहरणार्थ ८५ आणि ७०, कारण रक्त सतत वाहत असतं. आयसीयूत असा आकडा दिसला म्हणून लगेच घाबरायचं नाही.

शेवटी डॉक्टर पंपाचा वेग टप्प्याटप्प्याने कमी करतात आणि हृदय स्वतः दाब राखतं का ते बघतात. राखलं तर टेबलावरच पंप बाहेर आणि धमनीला टाके घालून बंद. नाही राखलं तर पंपासकट आयसीयू.

बाहेर बसलेल्यांसाठी: दोन-चार तास लागू शकतात. दर पंधरा मिनिटांनी दार ठोठावू नका. फोन चार्ज, कॅन्टीनला गेलात तरी एकजण बाकावर.

## टप्पा ७: आयसीयूत पंप असताना

इथे घरच्यांची नजर खरंच उपयोगी पडते, कारण भेटीच्या वेळी तुम्ही पायाकडे बघू शकता.

पंप ज्या पायातून गेला तो पाय सरळ ठेवायचा, गुडघा वाकवायचा नाही, खाटेचं डोकं फार वर करायचं नाही. साधारण ३० अंशांपर्यंत. बाबांना उठवून बसवून चहा पाजण्याची इच्छा आवरा. पाय चोळून द्यायचा नाही.

बघायचं ते असं:

- दोन्ही पावलांना हात लावा. पंपाच्या बाजूचं पाऊल गार, पांढरं किंवा निळसर, बधिर, किंवा बोटं हलत नसतील तर लगेच नर्सला सांगा. थोड्या वेळाने बघू, असं नको.
- लघवीच्या पिशवीचा रंग. कोकसारखी काळसर लाल लघवी म्हणजे पंपात रक्तपेशी फुटत असतील. कधी पंपाची जागा थोडी हलवून ते थांबतं.
- जांघेतली पट्टी ओली, किंवा कंबर-पाठीत अचानक दुखायला लागणं. बाहेर रक्त दिसलं नाही तरी पोटामागे रक्तस्राव होऊ शकतो.
- बलून पंप असेल तर डाव्या हाताची नाडी अशक्त होणं हे फुगा वर सरकल्याचं लक्षण असू शकतं. लघवी अचानक कमी होणं हे खाली सरकल्याचं. पारदर्शक वायूच्या नळीत तपकिरी ठिपके दिसले तर फुग्याला छिद्र पडलं असेल. ताबडतोब ओरडा, नंतर माफी मागा.

डॉक्टर रोज प्लेटलेट, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन आणि एसीटी बघतात. तुम्ही एकच प्रश्न रोज विचारा: "आज पंप काढायला काय अडतंय?" बलून पंपाचा आधार १:१ वरून १:२, १:३ असा कमी करत नेतात, म्हणजे दर ठोक्याला, मग दर दुसऱ्या, दर तिसऱ्या ठोक्याला. फुगा आत असताना पूर्ण थांबवून ठेवत नाहीत, त्यावर गुठळी बसते.

सावध: मॉनिटरचा अलार्म स्वतः बंद करू नका. एका नातेवाइकाने "फार आवाज येत होता" म्हणून बटण दाबल्याचं मी बघितलं आहे.

## टप्पा ८: पंप काढल्यावर आणि घरी

पंप काढल्यावर काही तास, कधी रात्रभर, पाय सरळ. पट्टीखाली छोटी गाठ आणि निळसर डाग चालतो. गाठ वाढत असेल, ठोके लागत असतील, तर डॉपलर.

घरी गेल्यावरचे आपले खास धोके: भारतीय पद्धतीचं शौचालय, मांडी घालून जेवणं, स्कूटरला किक, लोकलमध्ये चढताना ताण. आठवडाभर उकिडवं बसणं आणि जड उचलणं बंद. कमोड नसेल तर खुर्चीचा कमोड भाड्याने घ्या. लिफ्ट बंद असलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहत असाल तर डिस्चार्जच्या आधीच डॉक्टरांना सांगा.

जांघेतून एकदम रक्त आलं तर पेशंटला आडवं करा, टोचलेल्या जागेच्या जरा वर हाताने घट्ट दाबा, दाब सोडून बघू नका, आणि १०८ ला फोन. कापूस-हळद भरत बसू नका.

ॲस्पिरिनसोबतची दुसरी गोळी डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेपर्यंत, साधारण सहा महिने ते वर्ष. दात काढायचा असेल तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. हार्ट फेल्युअरच्या गोळ्यांचा डोस हळूहळू वाढवत नेतात, त्यासाठी पहिल्या महिन्यात दोन-तीन भेटी पडतील. दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिन परत तपासा. थांबवलेली मेटफॉर्मिन ते बघितल्याशिवाय सुरू करायची नाही.

साधारण तीन महिन्यांनी पुन्हा इको. तेव्हाही पंपिंग ३५ टक्क्यांखाली असेल तर डॉक्टर आयसीडीबद्दल बोलतील, म्हणजे छातीत बसवायच्या शॉक देणाऱ्या उपकरणाबद्दल. म्हणून ही इको कुठे, कुणाकडे, कोणत्या तारखेला, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय बिलिंग काउंटर सोडू नका. स्टेंटचं कार्डही त्याच वेळी मागून फाईलमध्ये लावा.